‘चांगल्या घरचा आहे ना!’

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवून मेंदूच्या लहरी नोंदवल्या गेल्या. प्रश्न होता: यातला कोण एचआयव्हीच्या दृष्टीने धोक्याचा वाटतो? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘धोक्याचे’ आणि ‘बिनधोक’ चेहरे मेंदूने अर्ध्या सेकंदाच्या आतच वेगळे काढले होते. फोटोवरून विषाणू ओळखता येत नाही, हे विचारलं तर कोणीही सांगेल. तरीही मेंदू निवाडा देऊन मोकळा!

ओळखीच्या माणसाबाबत तर हा निवाडा आणखी पक्का होतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी 1992 मध्येच दाखवलं होतं की, जोडीदार आवडता आणि परिचित असला की विद्यार्थी त्याला सुरक्षित धरतात आणि कंडोम मागे पडतो. आपल्याकडे याच तर्काला ‘चांगल्या घरचा आहे’ म्हणतात. लग्नं जुळवायला तो चालत असेल, विषाणूला चालत नाही. उपचार न घेतलेला बाधित माणूस कित्येक वर्षं ठणठणीत दिसू शकतो. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं विषाणूंचं प्रमाण प्रचंड असतं. लक्षणं असलीच तर साध्या तापासारखी, तीही ओसरून जातात.

आकड्यांचाही घोळ होतो. बाधित, उपचार न घेणाऱ्या पुरुषाशी कंडोमविना योनीसंबंध आला, तर स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता दर 10,000 संबंधांत साधारण 8. गुदसंबंधात, आत घेणाऱ्या जोडीदारासाठी हाच आकडा सुमारे 138, कारण तिथलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. आठ म्हणजे नगण्य, असं वाटतं ना? पण असे शंभर संबंध आले की शक्यता आठ टक्क्यांच्या घरात जाते. अमेरिकी विद्यार्थ्यांवरच्या संशोधनात नेमकी हीच चूक आढळली: एका वेळचा धोका ते फुगवून सांगत आणि तो साचत कसा जातो, हे मात्र कमी लेखत.

आणि ज्याच्यापासून चार हात लांब राहिलं जातं, तो उपचार घेणारा एचआयव्हीबाधित? लवकर औषधं सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 मध्ये नऊ देशांतल्या चाचणीने दाखवलं. पुणे त्यातलं एक केंद्र होतं. पुढे युरोपातल्या अभ्यासात, ज्यांच्यातला विषाणू औषधांनी रक्तचाचणीत सापडू नये इतका दबला होता, अशा बाधितांचे त्यांच्या समलिंगी जोडीदारांशी कंडोमविना सुमारे 76,000 संबंध नोंदले गेले. बाधित जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. तपासणीच न केलेल्या ‘चांगल्या घरच्या’ मुलाबद्दल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते. धोक्याचा संबंध आलाच, तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तारीख बघा. प्रतिपिंडं शोधणाऱ्या झटपट चाचणीत ताजी लागण दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो; गेल्या शनिवारचं त्या कागदावर अजून काहीच नसतं.