विश्लेषण : होमस्कूलिंग करताना घराचीच शाळा होतेय? ओझे कमी कसे कराल?

आंबिवलीतील अनेक घरांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. घरातील एक जण पहाटे स्टेशन गाठतो, तो रात्रीच परततो. अशा घरात मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरले, तर सगळा भार घरी असलेल्या पालकावर, बहुतेकदा आईवर पडतो. सकाळी गणित, मग इंग्रजी, विज्ञान, संध्याकाळी ऑनलाइन क्लास. काही महिन्यांत आई थकते आणि मूल पुस्तक पाहूनच वैतागते. मग नेमके किती शिकवायचे?

दिवसाला किती तास पुरतात?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. तेही एका शिक्षकामागे ३० मुले धरून. घरी हजेरी नसते, ३० वह्या तपासायच्या नसतात. त्यामुळे लहान मुलाला दीड-दोन तासांचा नीट अभ्यास पुरू शकतो.

कायदा काय सांगतो?

२०१० पासून लागू असलेल्या या कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. ६ ते १४ वयोगटातील मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे, मात्र पालकांना शिक्षेची तरतूद नाही. उद्या घरचे शिक्षण जमले नाही, तर वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे.

परीक्षेला किती विषय लागतात?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. उत्तीर्ण होण्यासाठी ५ विषय लागतात. नोंदणी ५ वर्षे चालते, परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मराठी माध्यमही आहे. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे.

मग काय गाळायचे, काय ठेवायचे?

- रोज वाचन, लेखन आणि गणित. या तिघांना सुट्टी नाही.
- विज्ञान, इतिहास-भूगोल आठवड्यातून दोनदा. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.
- क्लास एकच, तोही मुलाच्या आवडीचा.
- तासांचे वेळापत्रक नको, आजच्या तीन कामांची यादी पुरे.
- एक विषय बाहेर जाणाऱ्या पालकाकडे. रविवारचा एक तासही चालेल.

काय गाळू नये?

मुंबईच्या मालविका राज जोशीने सातवीत असताना शाळा सोडली. घरी शिकताना ती प्रोग्रामिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. एका विषयाला भरपूर वेळ दिल्याचे हे फळ. पण बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचा दरवाजा तिच्यासाठी बंदच होता.

म्हणून विषय कमी करा, तास कमी करा, पण दहावी-बारावीच्या परीक्षेची तयारी सोडू नका. मूल बारा वर्षांचे होण्याआधी कोणत्या मंडळाची परीक्षा द्यायची हे ठरवून ठेवा. तोवर दुपारी आईलाही तासभर डोळे मिटता आले पाहिजेत.