आद्रे आणि उबाक

आज आल्प्सच्या उतारांची गोष्ट सांगतो. तिथल्या फ्रेंच भागातल्या डोंगरी लोकांनी डोंगराच्या दोन अंगांना दोन नावं दिली. उन्हाकडे तोंड केलेला उतार ‘आद्रे’, सावलीतला उतार ‘उबाक’. आद्रेचं मूळ ‘सरळ, समोर’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. उबाक आला ‘ओपाकुस’वरून, म्हणजे छायेतला. आपल्या कानाला त्यात ऊब ऐकू येते, पण सगळा गारठा तिथेच!

हे असं का? आल्प्स साधारण ४६ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो. दक्षिणेकडे ३० अंश कललेल्या आद्रेवर त्याचे किरण ५० अंशांनी पडतात. उत्तरेकडे तेवढ्याच कललेल्या उबाकवर थेट किरण एकही नाही. डोंगर आपल्याच सावलीत बसतो! म्हणून आद्रेवरचं बर्फ लवकर वितळतं. स्वित्झर्लंडमध्ये सिओं शहराजवळ ऱ्होन नदीच्या उजव्या काठावर दगडी ताली रचून द्राक्षमळे लावलेत, आणि समोरच्या छायेच्या अंगाला जंगल आहे.

इटलीतलं विगानेल्ला गाव तर खोल दरीत. दक्षिणेचा डोंगर असा आडवा येतो, की ११ नोव्हेंबर ते २ फेब्रुवारी गावात ऊनच उतरत नाही. मग २००६ साली गावकऱ्यांनी समोरच्या उतारावर ४० चौरस मीटरचा आरसा बसवला. संगणक त्याला सूर्यामागे फिरवतो आणि ऊन गावच्या चौकात पडतं. माणसाच्या अकलेचं मला खरंच कौतुक वाटतं!

आपल्या सह्याद्रीत हा फरक एवढा जाणवत नाही, कारण मुंबई-पुण्याला डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४७ अंशांच्या वर असतो. आपल्याकडे डोंगराची अंगं पाऊस वेगळी करतो: कोकणाकडे धो धो, देशाकडे पर्जन्यछाया.

कुमाऊँ-गढवालच्या हिमालयात मात्र दक्षिणेकडचे उतार बऱ्याच ठिकाणी कोरडे, गवताळ आणि उत्तरेकडचे दाट झाडीचे दिसतात. कधी गेलात, तर होकायंत्र सोबत न्या आणि झाडी कुठल्या अंगाला आहे ते स्वतः तपासा.