सस्तनांच्या मागावर (भाग ७) : पैनगंगेच्या अल्याड-पल्याड

गेले दोन आठवडे आपण बोर्निओच्या पावसाळी जंगलात फिरलो. दानुम खोऱ्यातलं शंभर मीटर उंचीचं झाड पाहिलं, डेरामाकोटच्या कच्च्या रस्त्यावर रात्रभर टॉर्च फिरवत क्लाउडेड लेपर्ड शोधणारी मंडळी पाहिली. आता समुद्र ओलांडून घराकडे येऊ, आदिलाबादला. नागपूरहून हैदराबादकडे जाताना पांढरकवडा मागे पडलं की महामार्गावर पैनगंगेचा पूल लागतो. पुलापलीकडे तेलंगणा. पाट्या तेलुगू होतात, पण जैनथ, बेला, भीमपूर, तामसी या मंडलांतल्या गावांमधून मराठी सर्रास कानावर पडते. शेतात तीच पऱ्हाटी, तीच तूर. नदीकाठच्या वाळूत उमटणारे पंजेही बरेचदा दोन्ही काठांवर त्याच वाघाचे.

बोर्निओत सस्तन प्राणी पाहायचे तर मान वर करून चालावं लागतं. बारमाही पाऊस, बारमाही हिरवं छत आणि त्याखाली अंधार. जमिनीवर गवत जवळजवळ नाहीच. फळं, कोवळी पानं, किडे, सगळं वर. म्हणून ओरांगउटान वर, उडत्या खारी वर, उदमांजरंसुद्धा वर. आदिलाबादचं जंगल सागाचं, पानगळीचं. पाऊस चार महिन्यांचा. झाडांचं छत विरळ, ऊन थेट जमिनीला लागतं, म्हणून पावसाळ्यात गवत माजतं. गवत आलं की चितळ, सांबर, रोही, गवा आले, आणि त्यांच्यामागे वाघ, बिबट, रानकुत्री. सगळा कारभार जमिनीवर चालतो, त्यामुळे इथे पाहणाऱ्याची मान खालीच असलेली बरी.

खाली म्हणजे धुळीत. सकाळी बैलगाड्या आणि मोटारसायकली सुरू होण्याआधी जंगलाकाठचा गाडीरस्ता वाचून घ्यावा. वाघ-बिबट चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात गोल बोटं आणि मागे तळव्याची गादी एवढंच उमटतं. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तडस यांच्या ठशात बोटांपुढे नखांची टोकं दिसतात. तडसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा चांगलाच मोठा, म्हणून एकाच जनावराचे दोन मापांचे ठसे दिसले की लहान-मोठ्यांची जोडी गेली असं समजून फसू नये. अस्वलाचं मागचं पाऊल थेट अनवाणी माणसासारखं; फक्त बोटांच्या बरंच पुढे नखांच्या खाचा असतात. ठशावर दव पडल्याच्या बारीक खुणा असतील तर जनावर पहाटेच्या आधी गेलं. दव नसेल तर आपण मागे फिरलेलं उत्तम.

अस्वलावर थोडं थांबतो, कारण आदिलाबादच्या माणसाला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त, आणि ती योग्यच आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं पहाटे गळतात. ती वेचायला गोंड, कोलाम घरांतली माणसं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली पोचतात आणि नेमकं त्याच वेळी अस्वलही. दोघांचीही नजर जमिनीवर. त्यात अस्वलाची दृष्टी बेताची, नाक मात्र तिखट. वारा उलटा असेल तर माणूस चार हातांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग ते घाबरून अंगावर येतं. या प्राण्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. वारूळ फोडायचं, नाकपुड्या मिटायच्या, ओठांची नळी करायची आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, अशी ती सोय आहे. या ओढण्याचा आवाज बराच लांबवर जातो. प्रत्यक्ष अस्वल दिसलं नाही तरी त्याची विष्ठा वाटेवर दिसतेच: हिवाळ्यात बोरांच्या आठळ्यांनी भरलेली, उन्हाळ्यात मोहाच्या सालपटांची आणि तेंदूच्या बियांची.

आता बोर्निओसारख्या बेटांकडे परत. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा हिशोब पुस्तकरूपात मांडला. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या तिथल्या जाती कमी. कारण नव्याने येणारे थोडे आणि नष्ट होणारे जास्त. आपल्या देशातली उष्णकटिबंधीय पावसाळी बेटं म्हणजे अंदमान. तिथल्या मूळच्या सस्तनांत वटवाघळं, चिचुंद्र्या, उंदीर, एक उदमांजर, रानडुक्कर अशीच मंडळी. वाघ-बिबट नाहीत, हरणं नव्हती. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चितळ नेऊन सोडले. खाणारं कोणी नाही, वर चितळ उत्तम पोहणारा. तो एका बेटावरून दुसऱ्यावर गेला आणि जंगलातली कोवळी रोपं साफ करत सुटला. तोच चितळ आदिलाबादकडच्या कव्वालच्या जंगलात चार घास खाऊन मान वर करतो, कान फिरवतो, वानरांच्या खाकरण्याकडे लक्ष ठेवतो. प्राणी एकच, पण शेजारी बदलले की वागणं बदलतं.

जमिनीवरच्या जंगलांचीही बेटं होतात, हे मला आदिलाबादच्या निमित्ताने सांगायचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४९ चौरस किलोमीटर. तिथे वाघांची वीण चांगली आहे, पण वयात आलेल्या नराला राहायला जागा उरत नाही. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद या चार जिल्ह्यांत पसरलेला कव्वाल व्याघ्र प्रकल्प त्याच्या मानाने अवाढव्य: गाभा ८९३ चौरस किलोमीटर, भोवतीचं क्षेत्र धरून दोन हजारांच्या वर. २०१२ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पण तिथे वाघ येतात आणि टिकत नाहीत. एकीकडे वाघ जास्त आणि जागा कमी, दुसरीकडे जागा आहे पण वाघ नाही. मध्ये कापूस, महामार्ग, कालवे, गावं.

हे अंतर कसं कापलं जातं, याची सगळ्यात तपशीलवार नोंद एका तरुण नराने करून दिली. टिपेश्वरात जन्मलेल्या ‘सी-१’ला भारतीय वन्यजीव संस्थेने फेब्रुवारी २०१९मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो बाहेर पडला. पांढरकवड्याची रानं, आदिलाबादची शेतं, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथली पुढची भटकंती धरून नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त चाल. दिवसा नाल्याच्या झुडपात किंवा पिकात पडून राहायचं, रात्री निघायचं. एवढ्या प्रवासात माणसाशी झटापट झाली ती तो विसावलेल्या झुडपात कोणी शिरलं तेव्हाच. शेकडो गावांना आपल्या शिवारातून वाघ गेला हे कळलंही नाही.

‘जॉनी’ नावाच्या दुसऱ्या नराचं तसं झालं नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये किनवटच्या बाजूने तो आदिलाबादच्या बोथ मंडलात उतरला. तिथून निर्मल जिल्ह्यातल्या कुंतला, सारंगापूर, मामडा, पेंबीच्या दिशेने. जोडीदारीण शोधत दोनशे किलोमीटरहून अधिक चालला, महामार्ग ४४ ओलांडला, वाटेत गुरं मारली, आणि रोज वर्तमानपत्रांत छापून आला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘महाराष्ट्राचा वाघ’ म्हटलं. किनवट १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, राजुराही होतं. भाषावार प्रांतरचनेत ते इकडे आले. बिचाऱ्याने जुना जिल्हा सोडलाच नव्हता म्हणायचं!

वाघांच्या या फिरतीचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकच, ऑक्टोबर ते डिसेंबर. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते. तिच्यात रानडुक्कर आणि रोही मुक्कामाला असतात, म्हणजे वाघाला आडोसाही मिळतो आणि शिकारही. वेचणारी बाई वाकून, पाठमोरी, खाली बघत काम करते. वाघाला ती माणसाच्या आकाराची दिसतच नाही. नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस तेलंगणातल्या कागजनगरजवळ कापूस वेचायला गेलेली एक तरुण बाई अशीच गेली. त्यानंतर तिकडच्या वनखात्याने शेतमजुरांना डोक्यामागे बांधायचे मुखवटे वाटले. ही सुंदरबनातली जुनी युक्ती: वाघ शक्यतो मागून येतो, मागेही चेहरा दिसला की तो बिचकतो. मुखवटा उपयोगाचा आहे, पण चार-पाच जणींनी मिळून, बोलत, उजेडात काम करणं त्याहून जास्त उपयोगाचं.

बेटं जोडायला मधली वाट राखावी लागते. तेलंगणा सरकारने ३० मे २०२५ रोजी कव्वाल आणि ताडोबा यांच्यामधला पट्टा ‘कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. त्यात तीनशेहून अधिक गावं येत होती. आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि २१ जुलैला सरकारने आदेश स्थगित ठेवला. मला विचाराल तर ज्यांच्या शिवारातून वाट जाते त्यांना न विचारता काढलेला आदेश असाच परत येणार होता. जल, जंगल, जमीन या मागणीसाठी लढणारा गोंड नेता कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्याच्याच नावाने वरून हुकूम काढताना कोणाला संकोच वाटला नाही याचं नवल वाटतं. सी-१ गेला तो कुठल्या राखीव पट्ट्यामुळे नव्हे, नाल्याकाठची झुडपं शिल्लक होती आणि लोकांनी त्याला जाऊ दिलं म्हणून.

पाहायला जायचं असेल तर टिपेश्वरची सुन्ना आणि माथनी ही प्रवेशद्वारं सोयीची. एप्रिल-मे उत्तम, कारण पाणी आटतं आणि जनावरं पाणवठ्याला येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्र वनविभाग मचाणावर बसायची संधी देतो. त्या रात्रीच्या आकड्यांना आता शास्त्रीय गणनेत किंमत नाही, ते काम कॅमेरा ट्रॅप करतात; पण चांदण्यात साळिंदराच्या काट्यांची खुळखुळ एकदा ऐकायला हरकत नाही. कव्वालला जन्नारमहून जाता येतं. तिथे वाघ दिसेल या भरवशावर जाऊ नका. गवे, सांबर, चौशिंगा, अस्वल यांच्यासाठी जा.

आणि शेतात किंवा रस्त्यात वाघ दिसलाच तर मोटारसायकलवरून पाठलाग करून व्हिडिओ काढू नका, काढला तर गावाच्या नावासकट गटावर टाकू नका. नोव्हेंबर २०२२मध्ये भीमपूर मंडलात पिप्पलकोटी जलाशयाच्या कामावर चार वाघ दिसले, तेव्हा ती चित्रफीत हां हां म्हणता सगळीकडे पसरली होती. अशा वेळी जमणारी गर्दी वाघापेक्षा धोकादायक असते. महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. नदीच्या पलीकडे असाल तर जवळच्या बीट ऑफिसरचा नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.