चार चौकटींतील प्रसूतिवृत्त

आमच्या भागातील एका सरकारी प्रसूतिगृहात यंदा केसपेपरची सद्दी संपली आणि गर्भिणीचा पूर्वेतिहास संगणकाच्या चार चौकटींत भरावा, असे फर्मान सुटले: जी म्हणजे एकूण गर्भधारणा, पी प्रसूती, ए गर्भपात, एल हयात अपत्ये. अक्षरे आमच्याही वेळची. पण त्यांच्याखाली कागदाची जी अर्धी बाजू मोकळी असे, ती गेली.

सत्तरच्या दशकाविषयी, १९७१च्या कायद्याने गर्भपात उघडपणे नोंदवता येऊ लागला, एवढे सांगितले तरी पुरे. ऐंशीचे दशक मात्र मी निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात काढले. शेवटच्या पाळीची तारीख क्वचितच मिळे. 'पोळ्याच्या आधी' किंवा 'पंचमीला माहेरी होते तेव्हा' अशी जबानी होई, आणि पंचांग चाळून, तीत नऊ महिने सात दिवस मिळवून आम्ही प्रसूतीचा अंदाज बांधत असू. सासूला दाराबाहेर बसवल्यावाचून आधी 'पोट पडल्याची' हकीकत निघत नसे. पी आणि एल यांत जेवढे अंतर, तेवढी मुले सहसा दगावलेली. ती जन्मतः रडली होती का, वार अडकली होती का, रक्त किती गेले, हे विचारल्याखेरीज पुढचा धोका उमगत नसे. आणि मागच्या सिझेरियनची नोंदच नसेल, तर कळा वाढवण्याच्या औषधाने गर्भाशय फाटण्याचे भय असे.

त्याच दशकात या वृत्तांतून एक क्रम वारंवार दिसू लागला: मुलगी, मुलगी, पाचव्या महिन्यातला गर्भपात, मग मुलगा. गर्भजल तपासून लिंग सांगणाऱ्यांच्या जाहिराती मुंबईच्या लोकलमध्ये राजरोस झळकत, आणि दप्तरी कारण पडे ते संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे, जे कायद्याला मान्य होते. 'आकडा पुरे, महिना कशाला?' असे दरडावणारे एक वरिष्ठ आम्हांला लाभले होते. त्यांचा खासगी दवाखाना कशावर चालतो, हे आयांपासून सर्वांना ठाऊक होते. मी महिना लिहीत राहिले, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम या तपासणीवर निर्बंध घातले, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. पुढची वर्षे फॉर्म भरण्यात गेली, त्यांचे वर्णन वाचकांच्या माथी मारीत नाही.

आता एसमोर 'एक' भरला की पडदा विनातक्रार पुढे सरकतो. कितवा महिना, आधीची अपत्ये कोणती, हे तो विचारीत नाही. त्या वरिष्ठांना जे दरडावून साधले नाही, ते एका निविदेने साधले.