चौकट : श्रिंक टनेल घेताना

मंचरच्या पराग मिल्क फूड्ससारख्या मोठ्या कारखान्याचं सोडा. जुन्नर-आंबेगावात तूप, मध, बेदाणे किंवा हिरडा चूर्ण भरणाऱ्या छोट्या उद्योजकाने आधी फिल्म ठरवावी, मगच ती तापवून मालावर आवळणारं टनेल.

पाण्याच्या बारा बाटल्यांचा गठ्ठा बांधणारी जाड पॉलिथिन फिल्म साधारण १६० ते २०० अंशांची हवा मागते. बेदाण्याच्या खोक्यावरची पातळ, चकचकीत पीओएफ (पॉलिओलेफिन) फिल्म १३० ते १७० अंशांत आवळते. बाटलीवरच्या छापील स्लीव्हचं मात्र वेगळं आहे. बाटली कमरेत बारीक असेल तर गरम हवेने स्लीव्हवरची अक्षरं वाकडी होतात. तिथे वाफेचं टनेल घ्यावं, कारण वाफ चहूबाजूंनी सारखी लागते. पण वाफेला बॉयलर आला, आणि तूप-मधाच्या बरण्या ओल्या बाहेर येतात, त्या वाळवायला ब्लोअर आला. सरळ बरणीला गरम हवा पुरते.

लांबीचं गणित सोपं आहे. मिनिटाला ४० बरण्या, दोन बरण्यांच्या मध्यांत १५ सेंमी अंतर, म्हणजे पट्टा मिनिटाला ६ मीटर. आत ६ सेकंद थांबायचं असेल, तर तापती लांबी किमान ६० सेंमी हवी. टनेलचं तोंड बरणीपेक्षा थोडंच मोठं असावं. जास्त मोठं ठेवलं की उष्णता बाहेर जाते आणि वीजबिल वाढतं.

विक्रेत्याच्या नमुन्यावर भुलू नका. स्वतःच्या भरलेल्या बरण्या आणि स्वतःची फिल्म घेऊन जा, तासभर चालवून बघा. थ्री-फेज वीज दिवसातून किती तास टिकते, तेही मशीनची ऑर्डर देण्याआधी पाहा.