जुन्या जड ट्रकांची इंजिने : नावातले आकडे काय सांगतात?

जुना ट्रक, त्याचे इंजिन किंवा सुटे भाग खरेदी करताना आपल्याकडील अनेक व्यापारी बॉडी, टायर आणि रंग पाहून किंमत ठरवतात. मिस्त्री मात्र इंजिनाचा आकडा विचारतो. ६९२, ६९७, ३७०, ६८० हे आकडे नांदेड-लातूरच्या गॅरेजात वर्षानुवर्षे बोलले जातात. पण ते आले कोठून, हे शागीर्दाला क्वचितच सांगितले जाते. आकड्याचा अर्थ कळला की इंजिनाचे माप कळते, आणि माप कळले की दुसऱ्याच इंजिनाचा पिस्टन किंवा लाइनर गळ्यात पडत नाही.

निझामाच्या काळापासून

आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, जून १९३२ मध्ये, निझाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. या गाड्या स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. १९५१ मध्ये अल्बियन इंग्लंडच्या लेलँड कंपनीच्या ताब्यात गेली. त्याच लेलँडचे नाव पुढे मद्रासला बनणाऱ्या ट्रकांवरून आपल्या रस्त्यांवर आले. १९४८ मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली.

टाटाचा हिशेब मिलिमीटरचा

टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवण्यास सुरुवात केली. म्हणूनच त्या काळच्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा दिसे. मूळ जर्मन इंजिन ओएम ३१२ हे सहा सिलिंडरचे, ९० मि.मी. बोअर व १२० मि.मी. स्ट्रोकचे, म्हणजे सुमारे ४५८० सी.सी.चे होते.

पुढच्या टाटा इंजिनांत पहिला आकडा सिलिंडरची संख्या आणि उरलेले दोन बोअरचे मि.मी. सांगतात. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मि.मी. बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मि.मी. बोअर. १९८६ मध्ये आलेल्या ४०७ या लहान ट्रकाचे ४९७ इंजिनही याच हिशेबाचे : चार सिलिंडर, बोअर ९७.

क्षमता काढणे सोपे आहे. बोअर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला त्यानेच गुणावे, मग ०.७८५४ ने, मग स्ट्रोकने आणि शेवटी सिलिंडरच्या संख्येने गुणावे. ६९७ चा स्ट्रोक १२.८ से.मी. आहे. ९.७ × ९.७ × ०.७८५४ × १२.८ × ६ म्हणजे सुमारे ५६७५ सी.सी. यावरून आणखी एक गोष्ट कळते. ९२ चा बोअर अर्धा मि.मी. वाढवला तर क्षमता जेमतेम एक टक्का वाढते. रिबोअर केल्याने इंजिन 'मोठे' होते, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

लेलँडचा हिशेब घनइंचाचा

लेलँडचे आकडे बोअरचे नसून संपूर्ण क्षमतेचे आहेत, तेही घनइंचात. एक घनइंच म्हणजे सुमारे १६.३९ सी.सी. त्यामुळे ३७० चे इंजिन सहा लिटरच्या आसपास आणि ४०० चे साडेसहा लिटरच्या आसपास भरते. हिप्पो या तीन अ‍ॅक्सलच्या जड ट्रकातील ६८० चे इंजिन तर ११.१ लिटरचे. त्याचा बोअर १२७ आणि स्ट्रोक १४६ मि.मी. टाटाच्या ६९७ च्या जवळजवळ दुप्पट! आकडा मात्र ६९७ चाच मोठा दिसतो. केवळ आकडा ऐकून सौदा करणारा इथेच फसतो.

पर्किन्सचे ६.३५४ ही दोन्ही गोष्टी एकत्र सांगते : सहा सिलिंडर, ३५४ घनइंच, म्हणजे ५.८ लिटर.

पुण्याचे कमिन्स आणि कॅनडाचा महाकाय ट्रक

किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झाली. खाणीतील डंपर व मोठ्या जनरेटरवर गाजलेले कमिन्सचे एनटी ८५५ इंजिन ८५५ घनइंचाचे, म्हणजे १४ लिटरचे. यात सहा नळ्या असलेला नेहमीचा पंप नसतो. कमी दाबाने डिझेल इंजेक्टरपर्यंत येते आणि कॅमशाफ्टच्या धक्क्याने आत फवारले जाते. म्हणून मायको पंपाचा जाणकारही इथे नव्याने शिकतो.

जुन्या काळच्या सर्वांत मोठ्या ट्रकांत जनरल मोटर्सचा टेरेक्स टायटन येतो. कॅनडात १९७३ मध्ये असा एकच ट्रक बनला. भारक्षमता सुमारे ३१७ टन आणि इंजिन चक्क रेल्वेचे, १६ सिलिंडरचे, ६४५ मालिकेतील. येथे ६४५ हे घनइंच एकेका सिलिंडरचे आहेत. एकूण क्षमता सुमारे १६९ लिटर! तात्पर्य, आकडा कोणत्या कंपनीचा आहे हे आधी विचारावे.

जुने इंजिन घेताना

ही इंजिने कमी फेऱ्यांवर चालणारी, जाड ओतीव लोखंडाची. घासलेला बोअर रिबोअर करता येतो किंवा लाइनर बदलता येतो. क्रँक दहा, वीस, तीस थाउ असा ग्राइंड करून चालवता येतो. म्हणून आयुष्य मोठे. तरी घेण्यापूर्वी इंजिन गरम करून ऑइलचा दाब पाहावा. ब्रीदरमधून जोराने वाफ येत असेल तर रिंग-पिस्टन गेलेले समजावेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. नोझल, पंप व एअर फिल्टर तपासावेत. क्रँक किती वेळा ग्राइंड झाला हे मायक्रोमीटरने मोजावे. इंजिन नंबर आर.सी. बुकाशी जुळतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विकणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. तडा गेलेल्या ब्लॉकवर वेल्डिंग करून वरून रंग मारणे हे तेच ओले धान्य होय.

पुढे काय?

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ निकष लागू झाले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मालवाहू गाड्यांच्या फिटनेसचे शुल्क कित्येक पटींनी वाढले. जुना ट्रक बाळगणे महाग झाले आणि नव्या ट्रकात पान्याबरोबर स्कॅनरही लागू लागला. आपल्या समाजातील शेकडो घरे गॅरेज, लेथ आणि सुट्या भागांच्या दुकानांवर चालतात. त्यांच्यासाठी हा रोजीरोटीचा प्रश्न आहे.

यासाठी दोन कामे आजच करण्यासारखी आहेत. उस्तादांनी आपल्या डोक्यातील मापे, क्लिअरन्स आणि टॅपेटचे हिशेब एका वहीत लिहून ठेवावेत. आणि तरुणांनी आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून स्कॅनर हाताळायला शिकावे. दाब, फवारा आणि जळण यांचे नियम बीएस-६ मध्येही तेच आहेत. ज्याला ६९७ चे माप समजले, त्याला नवे इंजिन परके वाटणार नाही.