फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा

फिरणारे कृष्णविवर भोवतीचे अवकाशही ओढत नेते; घटना क्षितिजाबाहेरच्या ज्या पट्ट्यात त्यामुळे काहीच स्थिर राहू शकत नाही, त्या अर्गोस्फिअरमध्ये शिरलेला कण दुभंगून एक तुकडा ऋण ऊर्जेसह आत पडला, तर दुसरा मूळ कणापेक्षा अधिक ऊर्जा घेऊन निसटू शकतो, हे रॉजर पेनरोज यांनी १९६९ मध्ये मांडले. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार ही वाढ फार तर २०.७ टक्के असते. पुण्याचे नरेश दधीच व सहकाऱ्यांनी २००० मध्ये, आपले विश्व उच्चमितीय अवकाशातील पटल मानून, कृष्णविवराची जी उकल दिली, तिच्या फिरत्या रूपात अतिरिक्त मितीमुळे येणारा 'भरती-प्रभार' ऋण असेल, तर गुरुत्वाकर्षण बळावते, परिवलनाची कमाल मर्यादा वाढते आणि, विशेष महत्त्वाचे म्हणजे, ऊर्जावाढही २०.७ टक्क्यांपलीकडे जाऊ शकते.